गारव्याचा हिशेब : ओझोन करार आणि १९९० सालचे लंडन

'पर्यावरण रक्षणासाठी आंतरराष्ट्रीय सहकार्य' हा विषय आपल्याकडे निबंधस्पर्धा आणि पर्यावरणदिनाची भाषणे यांत इतका झिजला आहे की, त्यामागे खरोखरीचा इतिहास आहे, त्यात कोणी कोणाशी वर्षानुवर्षे भांडले आहे आणि कोणी कोणाला पैसे मोजले आहेत, हे ध्यानातच येत नाही. दर वर्षी जगातल्या कुठल्या तरी शहरात हवामान परिषद भरते, ठरलेल्या दिवसापेक्षा एकदोन रात्री अधिक चालते आणि शेवटी एक निवेदन प्रसिद्ध होते. ते वाचून आशावादी माणसाला थोडे बरे वाटते आणि निराशावादी माणसाला आपले म्हणणे खरे ठरल्याचे समाधान मिळते. प्रश्नाचे घोंगडे मात्र भिजतच राहते.

या पार्श्वभूमीवर यशस्वी झालेल्या एका कराराचा इतिहास पुन्हा वाचणे अगत्याचे आहे. १६ सप्टेंबर १९८७ रोजी कॅनडातील मॉन्ट्रियल येथे ओझोनच्या थराचा नाश करणाऱ्या रसायनांविषयीच्या मसुद्यावर २४ देशांनी आणि युरोपीय समुदायाने सह्या केल्या. आज या करारात १९८ पक्ष आहेत; म्हणजे जगातला एकही देश त्याच्या बाहेर नाही. त्याची हकीकत बहुधा अशी सांगितली जाते : शास्त्रज्ञांनी धोका ओळखला, कारखानदारांनी आधी तो नाकारला आणि मग पर्याय शोधले, मुत्सद्द्यांनी दूरदृष्टी दाखवली आणि पृथ्वी वाचली. यात खोटे काही नाही. परंतु या कथेतून एक प्रकरण गळते. मॉन्ट्रियलमध्ये सह्या झाल्या तेव्हा भारत आणि चीन, म्हणजे जवळजवळ एकतृतीयांशाहून अधिक मानवजात, त्या कागदावर नव्हती. ती का नव्हती आणि पुढे कशी आली, हे पाहिल्याशिवाय या कराराचे यश समजत नाही, आणि हवामानबदलाच्या वाटाघाटी कुठे अडतात तेही उमगत नाही.

निरुपद्रवी वायू

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात अमेरिकेत घरगुती रेफ्रिजरेटर नुकते आले होते. त्यांत अमोनिया, सल्फर डायऑक्साइड किंवा मिथाइल क्लोराइड हे वायू वापरीत. ते गळले तर घरातली माणसे दगावत. १९२८ साली जनरल मोटर्सच्या संशोधन विभागातील थॉमस मिजली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी असा वायू शोधला की जो पेटत नाही, विषारी नाही आणि कशाशी सहजी संयोगही पावत नाही. १९३० साली अमेरिकन रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत मिजलीने तो वायू छातीत भरून घेतला आणि जळत्या मेणबत्तीवर फुंकर घालून ती विझवली. वायू श्वासात घेता येतो आणि पेटत नाही, या दोन्ही गोष्टी एका फुंकरीत सिद्ध झाल्या. 'फ्रिऑन' या व्यापारी नावाने हा वायू जगभर गेला. त्याचे कुळनाम क्लोरोफ्ल्युरोकार्बन, म्हणजेच सीएफसी. पुढे सुगंधी फवारे, वातानुकूलन, गाद्यांचा फोम, इलेक्ट्रॉनिक भागांची सफाई असा त्याचा संसार वाढत गेला.

हा वायू कशाशीच संयोग पावत नाही, हा त्याचा गुणच पुढे दोष ठरला. जो वायू खाली कुठेच मोडत नाही, तो जातो कुठे? १९७१-७२ मध्ये जेम्स लव्हलॉक या इंग्रज शास्त्रज्ञाने 'शॅकल्टन' या जहाजावरून दक्षिण ध्रुवाकडे जाताना हवेचे नमुने तपासले, तेव्हा प्रत्येक ठिकाणी त्याला सीएफसीचा माग लागला. त्यात काही धोका असेल असे त्याला वाटले नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेतील शेरवूड रोलँड आणि त्यांचा तरुण मेक्सिकन सहकारी मारिओ मोलिना यांनी मात्र प्रश्न पुढे नेला. जून १९७४ मध्ये 'नेचर' नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखाचा आशय असा : हे रेणू सावकाश स्थितांबरात चढतात, तेथे अतिनील किरणांनी फुटतात, त्यातून मोकळा झालेला क्लोरीनचा अणू ओझोन मोडतो आणि स्वतः शिल्लक राहून पुन्हा तेच काम करतो. असा एक अणू ओझोनचे एक लाखापर्यंत रेणू नष्ट करू शकतो. तत्पूर्वी १९७० मध्ये पॉल क्रुत्झेन यांनी नायट्रोजनच्या ऑक्साइडांविषयी अशाच प्रकारचे कार्य केले होते. या तिघांना १९९५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

१९७५ साली वीरभद्रन रामनाथन या भारतीय शास्त्रज्ञाने अमेरिकेत दाखवून दिले की सीएफसी हा उष्णता अडवून धरणारा वायूही आहे, आणि त्याचा एक रेणू कार्बन डायऑक्साइडच्या दहा हजारांहून अधिक रेणूंइतका परिणाम करतो. संशोधनाकडे वळण्यापूर्वी रामनाथन यांनी सिकंदराबाद येथील एका रेफ्रिजरेटर कारखान्यात काम केले होते, आणि हाच वायू गळतो का, गळू नये म्हणून काय करावे, हे पाहणे त्यांच्याकडे होते. ओझोनचा प्रश्न आणि तापमानवाढीचा प्रश्न अशा रीतीने पहिल्यापासूनच एकमेकांत गुंतलेले होते. राज्यकर्त्यांनी ते वेगळ्या टेबलांवर ठेवले, ही गोष्ट निराळी.

मोजणाऱ्यांचे काम

वातावरणातील सगळा ओझोन समुद्रसपाटीच्या दाबाला आणून पसरला, तर त्याचा थर जेमतेम तीन मिलिमीटर जाडीचा होईल. हा थर मोजण्याचे उपकरण ऑक्सफर्डच्या जी. एम. बी. डॉब्सन यांनी तयार केले. त्यांनी १९२८-२९ च्या सुमारास आपली उपकरणे ज्या मोजक्या ठिकाणी धाडली, त्यांत तमिळनाडूतील कोडाईकनाल वेधशाळा होती. पुढे अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेचे पहिले संचालक के. आर. रामनाथन यांनी ओझोनच्या मापनाला आयुष्यातील मोठा काळ दिला. आंतरराष्ट्रीय ओझोन आयोगाचे अध्यक्षपदही त्यांनी भूषवले. या कामाला तेव्हा काही उपयोगाची दृष्टी नव्हती. आकडे रोज घ्यायचे आणि नोंदवून ठेवायचे, एवढेच.

असेच आकडे अंटार्क्टिकातील हॅली बे या ब्रिटिश तळावर १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून घेतले जात होते. जो फार्मन, ब्रायन गार्डिनर आणि जोनाथन शँकलिन यांना त्यांत दिसले की दर ऑक्टोबरात, म्हणजे तेथील वसंतात, ओझोन कमी होत चालला आहे आणि जुन्या सरासरीपेक्षा तो सुमारे एकतृतीयांशाने घटला आहे. मे १९८५ मध्ये त्यांचा लेख 'नेचर'मध्ये आला. अमेरिकेच्या उपग्रहाने हीच घट टिपली होती. पण इतके कमी आकडे संशयास्पद म्हणून बाजूला नोंदले गेले होते. 'ओझोनचे छिद्र' हा शब्दप्रयोग त्यानंतर जगभर पसरला.

या लेखाच्या दोनच महिने आधी, २२ मार्च १९८५ रोजी, व्हिएन्नात ओझोन थराच्या संरक्षणाचा करारनामा झाला होता. भाषेच्या अभ्यासकाने तो मुद्दाम वाचावा. सहभागी राष्ट्रे 'योग्य ते उपाय' करतील, संशोधनात सहकार्य करतील, माहितीची देवाणघेवाण करतील, असे त्यात म्हटले आहे. कपातीचा एकही आकडा नाही, तारीख नाही. सीएफसीचा उल्लेख येतो तो परिशिष्टातील लक्ष ठेवण्याच्या रसायनांच्या यादीत. विशेषणे सगळी शोभिवंत आहेत. संख्याविशेषण तेवढे नाही. मॉन्ट्रियलने दोन वर्षांनी ती उणीव भरून काढली.

मॉन्ट्रियलमधले आणि मॉन्ट्रियलबाहेरचे

मॉन्ट्रियलचे श्रेय ज्यांना द्यावे लागते त्यांत संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचे प्रमुख, इजिप्तचे मुस्तफा टोल्बा अग्रभागी आहेत. अमेरिका, कॅनडा आणि स्कँडिनेव्हियातील देश कठोर कपात मागत होते. युरोपीय समुदाय उत्पादनक्षमतेवर केवळ मर्यादा घालण्याच्या मताचा होता. टोल्बांनी बंद दाराआडच्या छोट्या बैठकांत हे अंतर कमी केले. अंटार्क्टिकावरील घट सीएफसीमुळेच होते, याचा निर्णायक पुरावा तेव्हा अजून हाती यायचा होता, तरीही सह्या झाल्या, हे विशेष. सीएफसीचा वापर शतक संपण्यापूर्वी निम्म्यावर आणायचा, असे ठरले. ज्या देशांत दरडोई वार्षिक वापर ०.३ किलोपेक्षा कमी आहे अशा विकसनशील देशांना दहा वर्षांची सवलत मिळाली. जे देश करारात येणार नाहीत त्यांच्याशी या रसायनांचा व्यापार बंद करण्याची तरतूद झाली. मार्च १९८८ मध्ये अमेरिकी सिनेटने ८३ विरुद्ध शून्य मतांनी या कराराला संमती दिली. त्याच महिन्यात सीएफसीची सर्वांत मोठी उत्पादक कंपनी ड्यू पाँ हिने उत्पादन टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे जाहीर केले.

आता हेच चित्र दिल्लीहून कसे दिसत होते ते पाहू. भारतातील दरडोई वापर ०.३ किलोच्या कितीतरी खाली होता. आजवर हवेत गेलेला सीएफसी जवळजवळ सगळा अमेरिका, युरोप आणि जपानच्या घरांतून, मोटारींतून व फवाऱ्यांतून गेला होता. भारतात या वायूंचा उद्योग १९६७ मध्ये मफतलाल समूहाच्या कारखान्याने सुरू झाला. त्याचा 'मॅफ्रॉन' हा वायू फ्रिज दुरुस्त करणाऱ्यांच्या ओळखीचा होता. ऐंशीच्या दशकात मध्यमवर्गीय घरात फ्रिज येऊ लागला होता. १९८९ मध्ये गोदरेजने 'पफ' म्हणजे पॉलियुरेथेन फोमचा फ्रिज बाजारात आणला. असा फोम फुगवण्यासाठी त्या काळी जगभर सीएफसी-११ वापरीत. अशा वेळी भारताला सांगितले जात होते की, दहा वर्षांनी हे सारे थांबवा, आणि पर्यायी रसायने ज्यांच्याकडे आहेत त्यांच्याकडून विकत घ्या. पर्यायी रसायनांची एकस्वे बहुतांशी त्याच कंपन्यांकडे राहणार होती ज्यांनी अर्धशतकभर सीएफसी विकला होता. ज्याने दुखणे विकले त्याच्याच दुकानातून औषध घ्यायचे, तेही त्याने सांगितलेल्या भावाने, असा हा व्यवहार होता.

मॉन्ट्रियलच्या मसुद्यात विकसनशील देशांना मदत 'सुलभ' करून देण्याचे शब्द होते. पण कोण देणार, किती देणार, कोणत्या पेटीतून देणार, याचा उल्लेख नव्हता. व्यापारबंदीचा दंडुका मात्र स्पष्ट होता. भारत आणि चीन बाहेर राहिले ते या कारणाने. पाश्चात्त्य वृत्तपत्रांत तेव्हा याला आडमुठेपणा म्हटले गेले. पण हिशेब साधा होता. या दोन देशांनी येत्या काळात श्रीमंत देशांच्या प्रमाणात फ्रिज वापरले आणि त्यांत सीएफसीच भरला, तर उरलेल्या जगाने केलेली कपात धुऊन निघाली असती. भारताच्या हाती एवढे एकच बळ होते आणि ते त्याने वापरले.

मार्च १९८९ मध्ये ब्रिटनच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनी लंडनमध्ये ओझोन परिषद बोलावली. तेथे चीन आणि भारताने स्वतंत्र निधीची मागणी उघडपणे मांडली. जून १९९० मध्ये लंडनमध्येच करारातील पक्षांची दुसरी बैठक झाली. विश्वनाथ प्रताप सिंह सरकारातील पर्यावरण राज्यमंत्री मनेका गांधी यांनी तेथे भारताची बाजू लावून धरली. आदल्याच महिन्यात अमेरिकेने अशा नव्या निधीला विरोध केला होता. आज हा पायंडा पाडला तर उद्या तापमानवाढीच्या प्रश्नातही पैसे मोजावे लागतील, ही त्यामागची भीती होती. बैठक तोंडावर आली असता अमेरिकेने विरोध मागे घेतला.

लंडनमध्ये जे ठरले ते नीट वाचण्यासारखे आहे. पहिली गोष्ट म्हणजे बहुपक्षीय निधी स्थापन झाला : तीन वर्षांसाठी १६ कोटी डॉलर, आणि भारत व चीन सामील झाल्यास २४ कोटी. हा पैसा इतर विकासमदतीतून वळता करायचा नव्हता, तर तिच्याखेरीज द्यायचा होता. दुसरी गोष्ट, जुने तंत्र सोडून नवे घेताना जो 'वाढीव खर्च' येतो तो या निधीतून भरून द्यायचा. 'मदत' या शब्दात देणाऱ्याचा हात वर असतो. 'वाढीव खर्च' या शब्दात नुसता हिशेब असतो. तिसरी गोष्ट, निधीच्या कार्यकारी समितीत १४ सदस्य, पैकी सात पैसे देणाऱ्या देशांचे व सात घेणाऱ्या देशांचे. मतदान झालेच तर निर्णयाला दोन्ही गटांत स्वतंत्र बहुमत हवे. चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची : विकसनशील देशांची बंधने पाळण्याची क्षमता ही अर्थसाहाय्य व तंत्रज्ञान प्रत्यक्षात मिळण्यावर अवलंबून राहील, असे कलम पाचमध्ये लिहिले गेले. पैसे आले नाहीत तर तसे कळवण्याचा आणि त्यावर निर्णय होईपर्यंत कारवाईपासून मोकळे राहण्याचा अधिकार त्या देशांना मिळाला.

चीन १९९१ मध्ये करारात आला. भारताने १९ जून १९९२ रोजी मॉन्ट्रियल करार आणि लंडनची दुरुस्ती एकाच दिवशी स्वीकारली. रिओ द जानेरोची वसुंधरा परिषद संपून तेव्हा पाचच दिवस झाले होते.

मराठी वाचकाला यात एक ओळखीची खूण दिसेल. आपल्या भाषेत 'सहकार्य' आणि 'सहकार' हे शब्द सख्खे असले तरी त्यांचे संसार वेगळे आहेत. सहकार्य हा सभ्यतेचा शब्द आहे. आभारप्रदर्शनात तो येतो. सहकार म्हटले की भागभांडवल आले, सभासदाचे मत आले, वार्षिक सभा आली, हिशेबतपासणी आली आणि भांडणेही आली. मॉन्ट्रियलमध्ये सहकार्य झाले होते. लंडनमध्ये त्याचा सहकार झाला, आणि त्यानंतरच तो करार साऱ्या जगाचा झाला.

कागदावरून कारखान्यात

कराराची परीक्षा अखेर कारखान्यात आणि दुरुस्तीच्या दुकानात होते. भारताच्या पर्यावरण मंत्रालयात ओझोन कक्ष स्थापन झाला. २००० साली ओझोन-नाशक रसायनांच्या नियंत्रणाचे नियम आले. १९९९ मध्ये सीएफसीचे उत्पादन टप्प्याटप्प्याने थांबवण्यासाठी भारताला बहुपक्षीय निधीतून सुमारे ८ कोटी २० लाख डॉलर मंजूर झाले. १ ऑगस्ट २००८ रोजी, ठरलेल्या मुदतीच्या १७ महिने आधी, देशातील सीएफसीचे उत्पादन थांबले. अपवाद राहिला तो दम्याच्या रुग्णांच्या इनहेलरमध्ये लागणाऱ्या औषधी प्रतीचा. तेथेही पर्यायी वायू आला आणि २०१२ च्या अखेरीस तो अपवादही संपला. ज्या वस्तूवर कोणाचा तरी श्वास अवलंबून आहे ती सर्वांत शेवटी बदलायची, एवढे तारतम्य या व्यवस्थेत होते.

पर्यायांपैकी हायड्रोकार्बनचा मार्ग भारताला विशेष उपयोगी पडला. हे वायू स्वस्त आहेत आणि त्यांवर मोठ्या कंपन्यांची मक्तेदारी नाही. अडचण एवढीच की ते पेट घेतात. स्वित्झर्लंड व जर्मनीच्या साहाय्याने भारतात यावर काम झाले आणि गोदरेजसारख्या उत्पादकांनी शतकाच्या वळणावर ते तंत्र घरगुती फ्रिजमध्ये आणले. परंतु कारखाना बदलला तरी गल्लीतला फ्रिज मेकॅनिक बदलावा लागतो. त्याला वायू हवेत सोडून न देता परत कसा काढून घ्यायचा, पेटणारा वायू कसा हाताळायचा, हे शिकवण्यासाठी देशभर प्रशिक्षणे झाली. आंतरराष्ट्रीय सहकार्याच्या इतिहासात परिषदेतील भाषणांइतकेच या प्रशिक्षणवर्गांनाही स्थान द्यायला हवे.

या कराराची आरती ओवाळण्याचे मात्र कारण नाही. सीएफसीच्या जागी प्रथम एचसीएफसी आणि मग एचएफसी हे वायू आले. एचएफसी ओझोनला धक्का लावत नाहीत, पण तापमानवाढीच्या दृष्टीने त्यांतील बरेच कार्बन डायऑक्साइडच्या शेकडो-हजारो पट प्रभावी आहेत. म्हणजे एका कराराने दुसऱ्या प्रश्नात भर घातली. त्याहून विपरीत प्रकार क्योटो कराराच्या बाजारात घडला. एचसीएफसी-२२ तयार होताना एचएफसी-२३ हा अतिप्रभावी वायू आनुषंगिक म्हणून निघतो. तो जाळून टाकल्याबद्दल चीन व भारतातील कारखान्यांना कार्बनच्या पतपावत्या मिळू लागल्या, आणि त्यांची किंमत जाळण्याच्या खर्चाच्या कितीतरी पट होती. कचरा जाळण्याचे एवढे पैसे मिळू लागले की कचरा हेच मुख्य पीक होण्याची वेळ आली. अखेर युरोपीय संघाने २०१३ पासून या पावत्या नाकारल्या, आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये भारताने आपल्या उत्पादकांना हा वायू स्वखर्चाने नष्ट करण्याचा आदेश दिला.

चोरीही झाली. २०१८ मध्ये वातावरणाच्या मापनांतून दिसले की बंदी असलेल्या सीएफसी-११ चे उत्सर्जन २०१२ नंतर वाढले आहे. पुढच्या वर्षी त्यातील मोठा वाटा पूर्व चीनमधून येत असल्याचे दाखवले गेले. त्यानंतर ते उत्सर्जन पुन्हा घटले. रोजचे आकडे घेऊन ठेवणाऱ्यांचे काम येथे दुसऱ्यांदा फळाला आले. चोरी पकडली जाते आणि थांबते, हे कराराच्या अपयशाचे लक्षण मानू नये. २०२२ च्या शास्त्रीय आढाव्यानुसार सध्याची धोरणे चालू राहिली, तर ओझोनचा थर जगाच्या बहुतेक भागांत २०४० च्या सुमारास, उत्तर ध्रुवावर २०४५ च्या आणि अंटार्क्टिकावर २०६६ च्या सुमारास १९८० च्या पातळीवर येईल. मॉन्ट्रियलमध्ये सह्या करणाऱ्यांपैकी फार थोडे जण ते पाहायला असतील.

त्रेऐंशी आणि पंचाण्णव

ज्या अमेरिकी सिनेटने १९८८ मध्ये मॉन्ट्रियल कराराला ८३ विरुद्ध शून्य मतांनी संमती दिली, त्याच सभागृहाने जुलै १९९७ मध्ये, क्योटो परिषदेला पाच महिने असताना, ९५ विरुद्ध शून्य मतांनी ठराव केला की, विकसनशील देशांवर त्याच कालावधीत बंधने नसतील असा कोणताही हवामान करार अमेरिकेने करू नये. आधी श्रीमंतांनी कपात करावी आणि गरिबांना मुदत द्यावी, हे तत्त्व नऊ वर्षांपूर्वी एकमताने मान्य होते. ते एकमतानेच अमान्य झाले. क्योटो करार झाला, पण २००१ मध्ये अमेरिका त्यातून बाजूला झाली. पुढे पॅरिस करारातूनही ती एकदा बाहेर पडली, परत आली आणि जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा बाहेर पडण्याचा आदेश निघाला.

असे का झाले, याचे प्रामाणिक उत्तर एकपदरी नाही. सीएफसी बनवणारे कारखाने जगात मोजके होते आणि त्याच कंपन्यांना पर्याय विकून नफा मिळणार होता. कोळसा आणि तेल यांच्या पायावर तर गेल्या दोन शतकांची सारी अर्थव्यवस्था उभी आहे. त्वचेच्या कर्करोगाचे भय श्वेतवर्णीय समाजांना स्वतःच्या अंगावर जाणवत होते. तापमानवाढीचा पहिला तडाखा मात्र इतरांना बसतो. आणखी एक फरक असा की, ओझोन करारात विकसनशील देशांना मुदत होती, तरी ती संपल्यावर बंधन होते. क्योटोत त्यांच्यावर संख्यात्मक बंधनच नव्हते. टीकाकारांच्या हाती त्यामुळे आयते कोलीत आले.

हे सर्व मान्य केले तरी मूळ मुद्दा उरतोच. दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्राचे अनिल अगरवाल व सुनीता नारायण यांनी १९९१ मध्येच दाखवले होते की, भातशेतीतील आणि जनावरांमधील मिथेन व श्रीमंत देशांतील मोटारींचा धूर एकाच तागडीत घालणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी देणे होय. जगण्यासाठीचे उत्सर्जन आणि चैनीसाठीचे उत्सर्जन यांत त्यांनी केलेला भेद रिओच्या वाटाघाटींना पार्श्वभूमी देऊन गेला. 'समान पण भिन्न जबाबदाऱ्या' हे तत्त्व हवामान करारनाम्यात आलेही. परंतु त्याला लंडनसारखा आकडा, लंडनसारखी समिती आणि लंडनसारखे कलम पाच मिळाले नाही. २००९ मध्ये कोपनहेगन येथे श्रीमंत देशांनी २०२० पासून दर वर्षी १०० अब्ज डॉलर उभारण्याचे वचन दिले. त्यांच्याच संघटनेच्या हिशेबाने ते प्रथम पुरे झाले २०२२ मध्ये, आणि त्यातील मोठा भाग कर्जाच्या रूपाने होता. आपल्याकडे म्हणतात, उधारीचे पोते सव्वा हात रिते. नोव्हेंबर २०२४ मध्ये बाकू येथे २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलरचे उद्दिष्ट संमत झाल्याचे जाहीर होताच भारताच्या प्रतिनिधीने भर सभेत आक्षेप नोंदवला. १९८९ च्या लंडनमध्ये जो प्रश्न विचारला होता तोच पस्तीस वर्षांनी पुन्हा विचारला जात होता : कोण देणार, किती देणार आणि त्यावर मत कोणाचे?

पुढचा हप्ता

ओझोन आणि तापमान ही दोन टेबले अखेर ऑक्टोबर २०१६ मध्ये रवांडाची राजधानी किगाली येथे जोडली गेली. एचएफसी वायूंची कपात मॉन्ट्रियल कराराच्याच चौकटीत आणली गेली. तिच्यामुळे शतकाअखेर अर्ध्या अंशापर्यंतची तापमानवाढ टळू शकेल असा अंदाज आहे. भारताने येथेही वेगळी मुदत मागितली आणि मिळवली. चीनसह बहुतेक विकसनशील देश २०२४ मध्ये आपला वापर गोठवतील. भारत आणि त्याच्या गटातील देश २०२८ मध्ये. त्यानंतर २०४७ पर्यंत भारताला ८५ टक्के कपात करायची आहे. भारताने २०२१ मध्ये ही दुरुस्ती स्वीकारली.

ही मुदत चैनीसाठी मागितली असे कोणी म्हणेल, तर त्याने २०१९ चा भारताचा शीतकरण कृती आराखडा पाहावा. वीस वर्षांत, म्हणजे २०३७-३८ पर्यंत, देशातील शीतकरणाची एकूण गरज सुमारे आठपट होईल असे त्यात म्हटले आहे. नागपूर-चंद्रपूरकडच्या उन्हाळ्यात गारवा हा आता आरोग्याचा प्रश्न झाला आहे. लसी, दूध, भाजीपाला यांचा तर तो पूर्वीपासून आहे. ज्यांनी पंचाहत्तर वर्षे गारवा भोगला त्यांच्या गारव्याची किंमत वातावरणाने मोजली. ज्यांच्या घरात तो आता कुठे येतो आहे त्यांनी तो महाग आणि स्वच्छ तंत्राने मिळवावा, हे रास्तच आहे. फक्त त्या महागाईतला आपापला वाटा पूर्वीच्या लाभार्थ्यांनी उचलला पाहिजे.

इतिहास कोणाला उपदेश करीत नाही, पण दाखले देतो. लंडनचा दाखला असा की, जुन्या देण्याचा आकडा करारात लिहिला गेला आणि देणारा-घेणारा समान मताने एका टेबलाशी बसला, तेव्हा सर्वांत साशंक देशही आत आले आणि पुढे मुदतीपूर्वी वचन पाळून मोकळे झाले. निधी मोठा होता असेही नाही. तीन दशकांत त्यातून गेलेली रक्कम काही अब्ज डॉलरचीच आहे. पण तो वेळेवर येत राहिला. भारतापुढे २०२८ चा टप्पा आता उभा आहे. एचएफसीच्या कपातीसाठी तोच निधी, तीच चौदा जणांची समिती आणि तेच कलम पाच पुन्हा कामाला लागणार आहेत. तेथे हप्ते वेळेवर येतात की नाही, यावरून पुढच्या हवामान परिषदांतील वचनांवर किती विश्वास ठेवायचा हे दिल्लीलाही ठरवता येईल आणि दिल्लीकडे पाहणाऱ्या इतर देशांनाही.